अर्धा सूर वर

सर, मी तुमच्यावर अजून चिडलेली आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता सोडून दे, असं घरचे म्हणतात. सोडलंही असतं, पण तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मोबाइलवर ग्रुप काढला आणि मला त्यात ओढलं. तिथं रोज सकाळी चहाबरोबर भांडण सुरू होतं: परदेशातला कुठला रॉक गिटारवाला सगळ्यात मोठा, कोण नुसताच वेगात वाजवायचा, कोणाच्या एकेका सुरात जीव होता. पोटं सुटली, केस गेले, तरी एकमेकांची अक्कल काढतात. आणि शेवटी गाडी तुमच्यावर येतेच. परवा एकानं लिहिलं, "तिकडचे मोठमोठे लोक गिटार अर्धा सूर खाली लावायचे, आपल्या सरांनी वर लावून दाखवली. याला म्हणतात डेरिंग!" माझं डोकंच फिरलं. कसलं डेरिंग? तुमचा टेपरेकॉर्डर पळत होता, सर!

औरंगपुऱ्यातली ती माडीवरची खोली, तुमचा गिटारचा क्लास. मोटर बदलून आणल्यापासून टेप जरा घाईत चालायचा, त्यामुळं कॅसेटमधलं प्रत्येक गाणं अर्धा सूर वर ऐकू यायचं. तुम्ही त्यावरून गिटार लावायचात, आम्ही तुमच्यावरून. पहिली तार ताणून तटकन तुटायची आणि तुम्ही म्हणायचात, "हात लई जड हाय तुझा." एकदा मी तीच कॅसेट मावशीकडच्या टेपवर ऐकली, तिच्या हार्मोनियमवर सूर ताडून पाहिला. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये उभी राहून सांगते, "सर, आपला टेप पळतोय." तुम्ही मान वर न करता म्हणता, "टेप नाय पळत, तुझं डोकं पळतंय. कान कच्चा हाय पोरी. जा, भजनात टाळ वाजव." आठही मुलगे खो खो हसतात. मुलगी मी एकटीच. त्यानंतर मी गिटारला हात लावला नाही. बरं, तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण कान कच्चा आहे, हे मी खरंच मानून बसले. माझ्या लेकीला गाण्याच्या क्लासला घातलं, तेव्हा तिचा सूर लागतोय का, हे मी नवऱ्याला विचारायची. त्याला साधी आरती धड म्हणता येत नाही!

तर परवाच्या त्या डेरिंगवर तुमच्या शेवटच्या बॅचमधल्या एका बाईनं सरळ विचारलं. शेंद्र्याला कंपनीत असते ती. "मूळ गाणी तर खालच्या सुरात हायेत. सरांचा टेप तर फास्ट नव्हता ना?" सगळे तुटून पडले. "पहिले कान साफ करून ये." "सर के बारे में कुछ बोलने का नाय." तिनं पुन्हा लिहिलं, "तेव्हाचं कुणी असंल तर खरं काय ते सांगा ना." तेव्हाची मी होते. राग इतका आला होता की खरं काय ते लिहायलाच मी मोबाइल उचलला. आणि मी लिहिलं, "मी तिथं होते. सरांनी मुद्दाम वर लावली होती. ते कळायला कान लागतो."

ती ग्रुप सोडून गेली. त्या आठांपैकी एकानं लगेच लिहिलं, "वा ताई, तू खरी सरांची शिष्य." हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, म्हणून लिहिते. त्याचं ते वाक्य वाचून मला बरं वाटलं, सर.