शेवटच्या कडव्यातलं नाव

प्रिय तृप्ती,

गाडीने सिन्नरचा स्टँड सोडला की मगच हे पत्र तुझ्या हातात द्यायचं, असं मी माझ्या आईला बजावलंय. म्हणजे आता तू खिडकीशी बसली असशील आणि आई शेजारी पिशवी मांडीवर घेऊन. तर पहिली गोष्ट आधी सांगते. माझ्या बाबांना काहीही झालेलं नाही. छातीत दुखतंय, तुला बोलावतायत, हे सगळं मी आईला शिकवून पाठवलं. तीन आठवडे तू माझा फोन घेत नाहीस. मी दारात आले असते तर तू कडीसुद्धा काढली नसतीस. पण बाबांसाठी तू अंगावरच्या कपड्यांनिशी निघशील हे मला ठाऊक होतं. चिडायचं तेवढं चीड, फक्त हे वाचून होईपर्यंत खाली उतरू नकोस.

अल्बम बाहेर आला त्या दिवशी तुझा एकच शब्द आला, 'ऐकलं.' शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. मी किती खुशीत होते तेव्हा! कुठली कंपनी नाही, कुणाची मेहेरबानी नाही, आठ गाणी आपली आपण ध्वनिमुद्रित करून आपणच लोकांपुढे ठेवली. बाबांनी कॉलनीत घरोघरी जाऊन सांगितलं की मनालीचा अल्बम आलाय, 'दुसरी पाळी' नाव आहे, मोबाइलवर फुकट ऐकता येतो. आणि सगळ्यांना आवडलं ते आठवं गाणं. तुझं.

दिवाळीच्या आधी सायखेड्याला घरी जाता जाता तू नाशिकला आमच्याकडे उतरली होतीस. पॅकिंगच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर बॉलपेनने चार कडवी लिहिली होतीस. सगळे चहाला गेलेले असताना तुमच्या कारखान्यातला लखन प्रेसच्या मशीनमध्ये कसा ओढला गेला, ठेकेदाराच्या माणसांनी त्याला टेंपोत कसं घातलं, आणि दुसऱ्या दिवशी तो हायवेच्या कडेला, आडव्या पडलेल्या मोटारसायकलजवळ कसा सापडला. पोराचं वय बावीस. सुरगाण्याकडून त्याची आई चिमणाबाई आली, तिला सांगितलं की पिऊन गाडी चालवत होता. ती बाई गेटावर बसून एकच म्हणत राहिली, 'माझ्या पोराला गाडी येतच नाय.' आत काय झालं ते पाहणारी तू एकटी होतीस, आणि तू खोक्यांच्या थप्पीमागे होतीस म्हणून त्यांना ते कळलं नव्हतं. पुठ्ठा माझ्या हातात देऊन तू म्हणालीस, 'मने, हे गा तू. मला लय दिवस झोप नाय. पण माझं नाव कुठंच येऊ देऊ नको. शेवटाला तुझंच घाल.'

तुझ्यादेखत मी मान डोलावून हो म्हटलं होतं.

आमच्या घरातली रीत तुला माहीत आहे. बाबांची गायन पार्टी, चाळीस वर्षं वस्त्यावस्त्यांत गाणी, आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवीचं नाव. ज्याने शब्द लिहिले त्याचं नाव घेतलं नाही तर ते गाणं चोरीचं, असं ते मला लहानपणापासून सांगत आले. एकदा एका गायकाने त्यांच्या गाण्यात स्वतःचं नाव घातलं, तर बाबा भर कार्यक्रमात पेटी बंद करून उठले होते. म्हणून तुझ्या आईला मी फोनवर सांगितलं, अल्बम ऐकणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, की काकू, मी काय करू, मला दुसऱ्याच्या शब्दावर माझं नाव लावताच येत नाही. नावगाव बदललं, कारखान्याचं नाव काढलं, पण शेवटच्या कडव्यात तोंडात तेच आलं:

ज्याला गाडी येईना, तो गाडीवर मेला,
तृप्ती म्हणे, विचारा, कसा गेटाबाहेर गेला.

आज सकाळी मी शाळेत शिकवत असताना दोन माणसं पांढऱ्या गाडीतून घरी आली. चांगले कपडे, चांगलं बोलणं. सिन्नरचं कुठलंसं कला मंडळ म्हणाले. बाबांच्या पाया पडले. आठ गाण्यांपैकी सात त्यांनी ऐकलीच नव्हती, असं आईला वाटलं, कारण ते आठव्याबद्दलच बोलत होते आणि त्यातही शेवटच्या कडव्याबद्दल. म्हणाले, या तृप्तीताई कोण? आम्हाला कवयित्रीचा सत्कार करायचाय, शाल, नारळ, सन्मानचिन्ह. तृप्ती, बाबांचा आजवर कुणी सत्कार केलेला नाही. चाळीस वर्षांत एक शाल नाही. ते भरून पावले गं. त्यांनी तुझं आडनाव सांगितलं, सायखेडा सांगितलं, सिन्नरची खोली सांगितली, किराणा दुकानाशेजारचा जिना सांगितला. या आठवड्यात तुझी कुठली पाळी आहे तेही सांगितलं. वर आईला चहात आलं घालायला लावलं. मी दुपारी आले तर म्हणाले, 'बघ मने, कवीचं नाव घेतलं की असं होतं.'

ते नंबर ठेवून गेले होते. मी लगेच फोन लावला. म्हटलं, तृप्ती हे माझंच टोपणनाव आहे, शब्द माझे आहेत, बाबांचं वय झालंय, त्यांचा घोटाळा झाला. पलीकडचा माणूस शांतपणे ऐकत होता. मग त्याने तुझ्या खोलीचा पत्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत मला वाचून दाखवला, जिन्यासकट, आणि विचारलं, 'मग ताई, इथं कोण राहतं?' मी म्हटलं, कुणी नाही. तो म्हणाला, बरं. फोन ठेवल्या ठेवल्या आईला सगळं सांगितलं. तिने चप्पल घातली आणि हे पत्र संपायची वाट बघत ती दारात उभी आहे.

आता जे तुला सांगायला मी तीन आठवडे घाबरतेय ते लिहिते. देवळाली कॅम्पला निकिताच्या स्टुडिओत, भिंतींना गाद्या लावलेल्या त्या खोलीत, हे गाणं मी आधी तू सांगितलंस तसंच गायले होते. 'मनाली म्हणे' असं. पहिल्याच खेपेला सुंदर झालं. निकिताने काचेपलीकडून अंगठा दाखवला. आणि मी कानांवरचे हेडफोन काढले. मला चिमणाबाई दिसली नाही, तू दिसली नाहीस. मला दिसला तो टेंपो, आमच्या गल्लीत उभा असलेला. मी निकिताला म्हटलं, तोफेचा आवाज आलाय, परत घेऊ. तिकडे फायरिंग रेंजवर तोफा सुरू असल्या की असं होतंच, पण त्या दिवशी रेंज बंद होती. ती म्हणाली, मला तर काहीच ऐकू आलं नाही. मी हट्टाने दुसऱ्यांदा गायले, तुझं नाव घालून. ना बाबांची रीत, ना प्रामाणिकपणा. मी भ्याले होते, आणि माझ्या जागी तुला उभं केलं. सगळ्यांनी मला सच्ची म्हटलं आणि मी ते ऐकून घेतलं.

नाशिकला उतरल्यावर घरी यायचं नाही. आई तुला पेठच्या गाडीत बसवेल आणि सोबत येईल. तिथे सविता नावाची माझी मैत्रीण आश्रमशाळेत आहे, ती स्टँडवर उभी असेल. फोन बंद ठेव. मी वकिलांशी बोलले आहे. लखनबद्दल जबाब द्यायचा की नाही हे तूच ठरव, या वेळी तुझ्या वतीने मी काही ठरवणार नाही. निकिताने पहिली खेप जपून ठेवली होती, 'मनाली म्हणे' असलेली ती आज एक वाजता तुझ्या नावाच्या गाण्याच्या जागी चढवली. फोन ठेवायच्या आधी मी त्या माणसाला म्हटलं होतं, सत्कार करायचा तर इथे येऊन करा, कवयित्री घरीच आहे. तो म्हणाला, सहाला येतो. कॉलनीतल्या चौघांना मी बोलावलंय, ते कामावरून सुटले की येतील. आता दीड वाजलाय. बाबांना मी अजून काहीच सांगितलेलं नाही. त्यांनी आत्तापासूनच सतरंजी अंथरली आहे, परीटघडीचा सदरा घातला आहे, आणि पाहुणे आल्यावर तुझं गाणं, तुझ्या नावासकट, म्हणून दाखवायला पेटी काढून बसले आहेत.

तुझीच, अजून तुझी म्हणवून घेता येत असेल तर,
मनाली