मागच्या खोलीची किल्ली

मी, खाली सही करणारा, धंद्याने सुतार, राहणार शाळेच्या भिंतीला लागून असलेल्या घरात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. याबाबत बायकोचं मत वेगळं आहे, पण ती या कागदाची साक्षीदार नाही. डॉक्टरांनी छातीचं दुखणं सांगितलं आहे. पोटात जे दुखतं ते मी त्यांना सांगितलेलं नाही, ते इथे लिहितो.

कलम पहिले. राहतं घर, म्हणजे पुढच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि अंगण, माझ्या पश्चात माझ्या पत्नीचं. त्यावर इतर कोणाचा हक्क पोहोचत नाही. आता ती त्या घरात किती वेळ असते, हा मुद्दा वेगळा. आमच्या मुलीच्या बाकावर बसणारी एक पोर भर वर्गात चक्कर येऊन पडली, उपाशीपोटी आली होती म्हणून, तेव्हापासून माझी बायको उजाडताच शाळेत जाते आणि आणखी काही बिनपगारी मंडळींबरोबर पोरांसाठी नाश्ता शिजवते. लापशी, दूध, उकडलेलं अंडं, केळं. काम चांगलं आहे. हे मी लिहून दिलं, याची नोंद घ्यावी. पण मुलगी शिकून, लग्न होऊन सासरी गेली, आणि ही अजून शाळेतच आहे.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक मुलीला. रंधे, पटाशा, करवती आणि बाकी हत्यारंही तिलाच. लहानपणी रंधा तिनेच नीट धरला होता. जावयाने हत्यारांना हात लावू नये, तो स्क्रू हातोडीने ठोकतो.

कलम तिसरे. निवृत्त कवायत मास्तर शाळेच्या स्वयंपाकघरात केळी सोलतात. हे काम कोणालाही जमेल, पण माझ्या घरात त्याचं कौतुक कधी संपत नाही. "अहो, मास्तरांचा हात बघायला हवा तुम्ही, केळ्याला एक दोरा राहू देत नाहीत!" त्या शाळेतली सगळी बाकं मी केली आहेत. त्यातलं एक डुगडुगणारं कोणी दाखवून द्यावं. माझ्या हातांबद्दल मात्र घरात शेवटचं कोण काय बोललं ते आठवत नाही. मास्तर विधुर आहेत. काम आटोपलं की ते माझ्या बायकोशेजारी डब्यावर बसून चहा पितात. सबब, माझं तिपाई स्टूल मी मास्तरांना देतो. त्याचा एक पाय आखूड आहे. तो मी मुद्दाम तसाच ठेवला आहे.

कलम चौथे. नाश्त्याच्या कामाला मी काहीही देत नाही. कारण लिहितो. माझा नाश्ता रोज ओट्यावर झाकलेला असतो, गार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. एकदा चीड येऊन मी स्वतः ताटली घेतली आणि शाळेच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. पुढे दप्तरं, मागे दप्तरं, मधे मी. एका पोराने विचारलं, "आजोबा, तुम्ही कितवीत?" माझी पाळी आली. बायकोने वर पाहिलं, इतरांना घातली तेवढीच एक पळी घातली आणि म्हणाली, "पुढे सरका." माझ्या मागे एक चिमुरडी होती. तिला मात्र वाकून विचारलं, "आणखी वाढू का गं?" तो आवाज मी ओळखला. आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षातला होता. मी भिंतीशी उभ्याने लापशी संपवली आणि घरी आलो. लापशी चांगली होती, हे जास्त वाईट.

कलम पाचवे. मागच्या खोलीबाबत. ही माझी कामाची खोली. शाळेचं जुनं स्वयंपाकघर मोडकळीला आलंय, ते पाडणार आहेत. दुसरी जागा मिळाली नाही तर नाश्ता बंद. बायकोने मागची खोली मागितली, भिंतीत दार काढलं की झालं म्हणाली. मी म्हणालो, "मी जिवंत असेपर्यंत नाही." ती भांडली नाही. फक्त त्या दिवसापासून ती मला पोरांच्या गोष्टी सांगत नाही. आधी रोज सांगायची आणि मी रोज जळायचो. आता सांगत नाही, तर दुप्पट जळतो. सबब, ही खोली माझ्या मृत्यूनंतर नाश्त्याला द्यावी. म्हणजे माझा शब्दही राहील.

इथवर वाचून साक्षीदार शिंपी यांनी पेन खाली ठेवलं.

"अरे सुतारा, म्हणजे आता सगळी शाळा तुझ्या मरणाची वाट बघणार. तू खोकलास की पोरं भिंतीला कान लावणार."

"ही नाही बघणार वाट."

"ती नाही बघणार. नाश्ता बंद पडेल आणि ती रोज सकाळी तुझ्यासमोर बसेल. हेच हवंय ना तुला?"

हेच हवं होतं. म्हणून मी ते नीट डोळ्यांसमोर आणून पाहिलं. टेबल, दोन गरम ताटल्या, समोर ती. आणि ती माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होती, पलीकडे पोरांचा गलका चालला होता तिकडे. मला ते सहन झालं नाही.

कलम सहावे. कलम चौथे आणि पाचवे रद्द. खोली आजपासून नाश्त्याला दिली. हत्यारं मी अंगणात हलवतो. भिंतीत दार मीच बसवणार, मास्तरांनी मदतीला येऊ नये. अट एकच. रोज पातेलं उतरलं की पहिल्या दोन ताटल्या आमच्या, आणि तिने बसून खायचं. त्यासाठी मी दोघांपुरता एक बाक करतो. तिसरा माणूस टेकणार नाही अशाच मापाचा. माझ्या पश्चात त्या बाकावर माझ्या जागी कोणी बसावं, हे ठरवण्याचा पूर्ण अधिकार पत्नीला आहे. मास्तर सोडून.

किल्ली मी सहीची वाट न बघता तिला नेऊन दिली. तिने ती पदराला बांधली. ओट्यावरची माझी ताटली उचलून गरम केली आणि समोर बसली. मी खाल्लं.

"आणखी वाढू का?" तिने विचारलं.

पोटात जागा नव्हती. मी हो म्हणालो.

वरील मजकूर मी वाचला, मला मान्य आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही करत आहे.

सही : सुतार

साक्षीदार :
१. शिंपी, समोरचं दुकान (आता समाधानाने)
२. डॉक्टरांचे कंपाउंडर (स्टुलाचा मजकूर बदलावा असं सुचवलं, ऐकलं गेलं नाही)

ठिकाण : मागची खोली, अर्धी रिकामी
तारीख : महिन्याचा शेवटचा शनिवार