फक्त मेसेज जातात

बाबा, तुम्हाला लिहायचं म्हणून वही घेतली त्याला आज आठ दिवस झाले. पहिल्या दिवशी पेन नव्हता. दुसऱ्या दिवशी पेन आणायला निघालो तर कोपऱ्यावर दोन ट्रकवाले भांडत होते, ते बघत तासभर उभा राहिलो आणि समोसा खाऊन तसाच परत आलो. तिसऱ्या दिवशी पेन आला, तर मीच नको नको म्हणत झोपून राहिलो. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. पण खरं सांगतो, पेन हे निमित्त. मला तुमच्यावर राग आला आहे, आणि गेलेल्या माणसावर कसं रागवायचं ते मला येत नाही. बारा वर्षं मी तुमच्या बाजूनं होतो. घरात कोणी काही लपवलं की म्हणायचो, बाबा असते तर असं चाललं नसतं. आई गप्प बसायची. काहून गप्प बसायची ते आता कळलं.

मी सध्या उरल्याला, कारखान्यांच्या वस्तीत आहे, एका दोस्ताच्या खोलीवर; ती खोली ताईला माहीत आहे. तो रोलिंग मिलमध्ये आहे, आत्ता दुपारच्या पाळीवर गेला. गुढियारीतलं आपलं घर मी सोडून आलो. इथे खिडकी उघडली की ताटावर काळी धूळ बसते आणि बंद केली की भट्टी होते, पण चालतं. येत्या मंगळवारी मुंबईची गाडी धरायची आणि पुन्हा जहाजावर जायचं, असं ठरवून टाकलं आहे. घरी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. त्यांनी तरी मला कुठे सांगितलं?

जहाज म्हणजे मालाचं नाही, लोक फिरायला जातात ते मोठं, क्रूझ. तिथे मी लोकांच्या खोल्या आवरतो, चादरी बदलतो. अकरा मजले आहेत त्याला, लिफ्ट आहे, पोहायचा हौद आहे. समुद्रावर तरंगणाऱ्या जहाजात पोहायचा हौद काहून, हे मला अजून समजलं नाही, पण ते जाऊ द्या. मला सांगायचं होतं फोनचं. पहिल्याच दिवशी साहेबानं सगळ्या नव्या पोरांना उभं करून सांगितलं, फोन फ्लाइट मोडवर टाका, रोमिंग बंद करा, मग फक्त वायफाय चालू करा. कारण भर समुद्रात जहाजाचाच एक टॉवर असतो. तुमचा फोन खिशातल्या खिशात त्याला जाऊन चिकटतो, तुम्हाला पत्ता नसतो आणि बिल मात्र येतं. एका पोरानं ऐकलं नाही, रात्रभर फोन तसाच ठेवला, महिनाभर रडत होता. आमच्यासाठी वायफाय फुकट होतं, पण त्यावर नुसते मेसेज जायचे, फोन नाही, व्हिडिओ नाही. प्रवाशांना तर जहाजातल्या जहाजात बोलायला एक ॲप होतं, त्याला इंटरनेटही लागायचं नाही. एक गुजराती आजी होत्या, शेजारच्या खुर्चीत बसलेल्या नवऱ्याला त्यावरून लिहायच्या, चहा मागवा. वर मला म्हणायच्या, "भैया, फ्री है तो बोलने का कष्ट क्यों?"

तेव्हा मला तुमचा रेल्वेचा फोन आठवायचा. तोही असाच, आपल्या आपल्यातला आणि फुकट. गोंदिया म्हणा, डोंगरगड म्हणा, हँडल उचललं की पलीकडे माणूस. मी डबा घेऊन यायचो तर तुम्ही टेलिफोनच्या खोलीत स्टुलावर बसून निरोप घेत असायचे. घेतलेला निरोप शब्द न् शब्द परत म्हणून दाखवायचे, पलीकडचा "बरोबर" म्हणाला की मगच खाली ठेवायचे. घरीही तेच. आईनं मीठ आणायला पाठवलं तरी मला उंबऱ्यावर थांबवून म्हणवून घ्यायचे, "काय आणायचं? बोल." पारातले, आपल्या गल्लीतले लोक हसायचे. म्हणायचे, यांचं घर म्हणजे स्टेशनच आहे.

त्या दिवशीचं तर तुम्हाला आठवतच असेल. मी नऊ-दहा वर्षांचा. डबा देऊन निघतो आहे, एवढ्यात डोंगरगडहून फोन येतो, शेजारच्या काकींचे वडील शेवटच्या घटका मोजून राहिले. तुम्ही मला म्हणता, "जा, काकीले सांग, बाप सिरियस आहे, दुपारच्या गाडीनं निघ. काय सांगशील?" मी म्हणून दाखवतो. एकही शब्द चुकत नाही. आणि मग यार्डाजवळ क्रेन दिसते. रुळावरून घसरलेला एक डबा ती उचलून राहिली आहे, साखळ्या कुरकुरत आहेत, माणसं ओरडत आहेत. मी आजवर एवढी मोठी वस्तू हवेत लोंबकळताना पाहिली नव्हती. डबा रुळावर बसला तेव्हा दिवे लागले होते. काकी दुसऱ्या दिवशी गेल्या, तोवर सगळं आटोपलं होतं. मला वाटलं तुम्ही मारणार. तुम्ही हात लावला नाही. काकी परत आल्या त्या संध्याकाळी मला त्यांच्या दारात नेलंत आणि म्हणालात, "निरोप सांग." मी म्हणालो, आता कशाला? तुम्ही म्हणालात, "आता." काकी जमिनीवर बसल्या होत्या, केस सोडलेले. मी त्यांच्यासमोर उभा राहून म्हणालो, काकी, तुमचे बाबा सिरियस आहेत, दुपारच्या गाडीनं निघा. घरी येताना तुम्ही एवढंच बोललात, "पोट्ट्या, गाडी लेट झाली तर माफ. निरोप दाबला तर माफी नाही." मी शाळेत फार काही शिकलो नाही बाबा, पण हे शिकलो. हाडात गेलं ते.

आणि आता ऐका तुमच्या घरात काय झालं. जहाजावर जायच्या आधीपासून आईचा आवाज बसला होता. मी म्हणायचो गुडाखू बंद कर, दिवसातून चार वेळा ती तंबाखू दातांना घासते, अजून काय होणार? ती म्हणायची, "हव, करतो बंद." मी गेलो. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरनं सांगितलं, गळ्यात गाठ आहे, ती जुनी झाली आहे, आवाजाची पेटीच काढावी लागेल. तुमच्या बायकोनं काय केलं असेल? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ताईला जवळ बसवलं, तिचा फोन हातात घेतला आणि एका बैठकीत माझ्यासाठी तेरा व्हॉइस मेसेज बोलून ठेवले. ताईनं दर रविवारी एक पाठवायचा. आणि मी दर रविवारी जहाजाच्या पोटात, बिनखिडकीच्या खोलीत, वरच्या बिछान्यावर पडून आईचा आवाज ऐकायचो. "जेवला का? पाण्याकडे जास्त वाकू नको. इथं सगळं बरं आहे. घसा थोडा खराब आहे, बाकी काही नाही." मी उलट काही विचारलं की ताई लिहून पाठवायची, आई म्हणते हव. आई म्हणते ठीक आहे. आई म्हणते काळजी करू नको.

करार संपवून आलो. स्टेशनवरून थेट घरी. दार आईनंच उघडलं. गळ्याला दुपट्टा. मी म्हणालो, ओळखलं का? ती हसली, तोंड हललं, आणि आवाज आला नाही. गळ्यातल्या भोकातून नुसती हवा आली, दुपट्टा फडफडला. मी खांद्यावरची बॅग तशीच धरून उभा.

ताई गोल बाजारातल्या कपड्याच्या दुकानातून घरी आली तेव्हा मी ओरडून ओरडून पारा गोळा केला होता. ताई चप्पलही न काढता म्हणाली, "चिल्लाऊ नको. तूच बोलला ना, फोन लागत नाही, फक्त मेसेज जाते म्हणून? मग मेसेजच पाठवले."

"मले सांगितलं काहून नाही?"

"तू आला असता ना सोडून."

"आलोच असतो!"

"मग? आजवर एक तरी काम पुरं केलं का तू? आयटीआय सोडली, ढाबा सोडला, मंडपवाल्याचं सोडलं. आई म्हणे, हे एक तरी पुरं करू दे पोराले."

बाहेर काकी उभ्याच होत्या, त्या मध्येच म्हणाल्या, "बेटा, मैंने तो बोला था बता दो." म्हणजे काकींनाही माहीत. सगळ्या पाराला माहीत होतं, मी सोडून.

त्या रात्री झोप आली नाही तेव्हा मी तोवर आलेले अकरा मेसेज एकामागून एक ऐकले. जहाजावर आठवड्याला एक ऐकताना लक्षात आलं नव्हतं. पाचव्यात आईच्या मागून बारीक आवाज येतो, काकी शेळीवर ओरडतात, "हट वो छेरी! मोर लुगरा ला खा डारिस!" सहाव्यातही काकी त्याच लुगड्यासाठी रडून राहिल्या. सातव्यातही. तीन रविवार ती शेळी एकच लुगडं खाऊन राहिली, आणि मला संशय आला नाही. मी हसलो बाबा. आणि शेवटच्या मेसेजांत आईचा आवाज किती थकला आहे, ते आता ऐकू आलं. दोन अजून ताईच्या फोनमध्येच आहेत. मी मागितले नाहीत.

हे सगळं सांगून मी तुम्हाला साक्षीला बोलावणार होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला तेच म्हणालो. म्हणालो, बाबांच्या घरात हे झालं? ज्या माणसानं मला काकींच्या दारात उभं केलं, त्याच्या घरात? आई भाजी निवडत होती. तिनं हात पुसले, ती आजकाल जवळ ठेवते ती पाटी ओढली आणि बराच वेळ लिहीत बसली. चौथीपर्यंतची शाळा, अक्षरं मोठी मोठी, जागा पुरत नाही. तिनं पाटी माझ्याकडे वळवली. "तुझ्या बाबानंच मले शपथ घातली होती. पोराले सांगू नका. आला तर परत जाणार नाही." मी वाचलं, तिनं पुसलं, आणि पुन्हा लिहिलं. "मी त्यायच्यापासूनच शिकली."

सोळा वर्षांचा होतो मी. मंडपवाल्याबरोबर जगदलपूरला गेलो होतो, बांबू बांधायला. तुम्ही दवाखान्यात सतरा दिवस होतात. मी आलो तेव्हा तुम्हाला जाऊन पाच दिवस झाले होते. सगळे म्हणाले, फोन लागला नाही रे, खूप लावला. मी मानलं. मंडपवाल्याच्या खिशात फोन होता, दिवसभर वाजायचा, तरी मी मानलं. बारा वर्षं मी त्या फोनच्या टॉवरला शिव्या दिल्या. आणि तुम्ही, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे निरोप पोचवले, तुम्ही तुमचा स्वतःचा दाबलात. माझ्यापासून. सतरा दिवस होते. जगदलपूरहून बस एका दिवसात येते. मी तुमच्या उशाशी बसलो असतो, बडबड केली असती, तुम्ही म्हणाला असता गप बस. एवढंच पाहिजे होतं मला. तुम्हाला वाटलं पोरगा काम शिकेल. मी तर तेही काम दोन महिन्यांत सोडलं.

म्हणून घर सोडून आलो. आईशी बोललो नाही, म्हणजे तिनं पाटी पुढे केली ती मी वाचली नाही, तोंड फिरवलं. बोलता न येणाऱ्या माणसाचं बोलणं बंद करायला तेवढंच लागतं. तेव्हा हे कळलं नाही. इथे येऊन तिसऱ्या दिवशी समोसा खाताना कळलं.

आणि आता एक गोष्ट सांगतो, ती ताईला माहीत नाही, आईला माहीत नाही. जहाजावर नुसते मेसेज जायचे, हे खरं. पण जहाज दर दोन-तीन दिवसांनी बंदराला लागायचं. बार्सिलोनाला, नेपल्सला. तिथे उतरलं की खलाशांसाठी खोली असते, वायफाय फुकट, जोरदार, व्हिडिओ धडाधड चालतो. सगळी पोरं रांगेत बसून घरच्यांशी बोलायची, कोणी लेकराला दात आले ते बघायचं, कोणी बायकोशी भांडायचं. मी कोपऱ्यात बसून क्रिकेट बघायचो. घरी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, इथून फोन होत नाही, रोमिंग लागतं, फक्त मेसेज जातात. कारण व्हिडिओवर आई दिसली असती. तिनं विचारलं असतं कधी येतो, आणि तिच्या तोंडाकडे बघून मला खोटं बोलता आलं नसतं. मला थोडे दिवस कोणाचाच मुलगा व्हायचं नव्हतं. एकदा जरी लावला असता बाबा, फक्त एकदा, तर तिचा गळा दिसला असता.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, टाकणारही नाही. फाडेन बहुतेक. थांबा, खालून घरमालकीण हाक मारून राहिली. "भैया! नीचे आओ जल्दी। कोई अम्मा आई हैं ऑटो से। कुछ बोलती नहीं, बस ऊपर उँगली दिखाती हैं।" ऑपरेशननंतर आई दवाखाना सोडून कुठेच गेलेली नाही, लोक गळ्याकडे बघतात म्हणून. आणि इथे ही एवढी धूळ. खिडकी लावतो आधी, मग खाली जातो.