दोन बोटं उंच

उस्ताद, मी एक गाडी उचलली. जॅकवर नव्हे. चाकांवरच्या कमानपाट्यांचा बाक वाढवून, कायमची, दोन बोटं उंच केली. वाशीमला तुमच्या दुकानात मी इतकी वर्षं कमानीचं काम केलं, पण हे एक काम तुम्ही कधी कुणाला करू दिलं नाही. तुम्हाला जाऊनही आता बराच काळ झाला. दुकान माझं आहे, भट्टी माझी आहे, तरी त्या सकाळी कोळसा पेटवताना मी दोनदा दाराकडे बघितलं.

तुमच्याकडे लागलो तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. एकदा तुम्ही दुपारच्या नमाजला गेला होतात आणि लाकडं वाहणारा एक ड्रायव्हर आला. त्याला गाडी मागून उंच करून पाहिजे होती. मला वाटलं, साधं तर काम आहे, उस्ताद येईपर्यंत माप तरी घेऊन ठेवू. तुम्ही आलात, माझ्या हातातला पाना काढून घेतलात आणि त्या ड्रायव्हरला सांगितलंत, "गाडी कंपनीतून जशी आली तशीच इथून जाईन. उचलायचं काम इथं होत नाई." तो निघून गेला. मी विचारलं, "काहून उस्ताद?" तुम्ही म्हणालात, "मालूम नसन तर हात नको लावू." एवढंच. पण पाना टेबलावर ठेवताना तो तुमच्या हातून खाली पडला आणि तुम्ही तो उचलला नाहीत. त्याच दिवशी मला घरी डबा आणायला पाठवलंत. मला वाटलं, मला नजरेसमोरून दूर केलं.

तुमच्या स्वयंपाकघरात चाची चुलीसमोर बसून भाकरी थापून राहिली होती. माझं तोंड बघून तिने विचारलं, मी सांगितलं. तिचा हात थांबला. मग तिने जे सांगितलं ते मला कळलं आहे, हे मी तुम्हाला कधीच दाखवलं नाही. तुमच्या धाकट्या भावाची मेटाडोर. बाजाराचा माल न्यायचा म्हणून त्याने हट्ट धरला, आजच्या आज उंच करून दे. तुम्ही दिलीत, चार बोटं. पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट जुनेच राहू दिलेत, कारण दुकानं बंद झाली होती आणि तो निघायच्या घाईत होता. रिठदच्या रस्त्यावर वळणाला गाडी आडवी झाली, तो तिथेच गेला. चाची म्हणाली, "तेव्हापासून उचललेली गाडी दिसली का त्याईले घास उतरत नाई." तिने डबा बांधून दिला. तो डबा तुमच्यासमोर ठेवताना मी तुमच्याकडे बघू शकलो नाही. त्यानंतर अशी कितीतरी गिऱ्हाइकं आली, मी सगळ्यांना तुमचंच वाक्य ऐकवलं. तुम्ही गेल्यावरही ऐकवत राहिलो.

आणि मग माझी लेक आली. तुम्ही तिला पाळण्यात बघितलं होतंत. आता ती पिकअप चालवते. किन्हीराजा गावाच्या पुढे, आतल्या एका वस्तीवर तिचं सासर आहे. तिथली भाजी, हळद, सिमेंट, जे असेल ते ती वाहते. मधे एक नाला आहे, त्याच्यावर पूल नाही, नुसते दगड. दवाखान्याची गाडी नाल्याच्या अलीकडे थांबते. म्हणून वस्तीतल्या अडलेल्या बायकांना हीच घेऊन निघते. दिवाळीनंतर अशाच एका बाईला नेत असताना गाडीच्या पोटाखालची चौकट नाल्यातल्या दगडावर टेकली. चाकं फिरत राहिली, गाडी हलेना. ती बाई तिथेच, नाल्याच्या मधोमध, मागच्या हौद्यात ताडपत्रीखाली बाळंत झाली. दोघं वाचली. पण माझी लेक त्यानंतर ज्या ज्या वेळी माहेरी आली, त्या त्या वेळी जेवताना मधेच थांबायची.

"बाबा, गाडी उचलून द्या," ती म्हणाली.

मी नेहमीचं वाक्य सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "ठीक हाये. अकोल्याले एक जन करून देते. चार बोटं करतो म्हने, एका दिवसात."

चार बोटं. एका दिवसात. उस्ताद, मी तिला तुमच्या भावाची गोष्ट सांगितली. घरात ती पहिल्यांदाच कुणाला सांगत होतो. तिने सगळी ऐकली आणि म्हणाली, "मंग तुमीच करा ना. तुमाले तर मालूम हाये काय चुकलं ते." दोन बोटांच्या वर नाही, नवे यू-बोल्ट, नवे सेंटर बोल्ट, आणि मी म्हणेन तोवर गाडी दुकानातून हलणार नाही, असं मी म्हणालो. ती हो म्हणाली. इतक्या लवकर हो म्हणाली की मला भीतीच वाटली.

काम तुमच्याच पद्धतीने केलं. एकेक पाटा उतरवला, तडा बघितला, भट्टीत लाल केला, बाक दिला, तेलात सोडला. पुढचे पाटे बसवताना स्टिअरिंगचा दांडा पुन्हा पुन्हा तपासला. मागच्या पाट्यांचा जोड बसवून गाडीची चौकट लोखंडी घोड्यांवर टेकवली, चाकं अधांतरी लोंबली, आणि मी बाहेर येऊन घाम पुसत होतो. लेक खाली वाकून बघत होती.

"बाबा, हा पाईप एवढा ताणला काहून?"

मागच्या ब्रेकचा रबरी पाईप. चौकटीपासून अ‍ॅक्सलपर्यंत येणारा. गाडी दोन बोटं वर गेली आणि पाईप तेवढाच राहिला होता. मी बोटाने दाबून बघितला, तारेसारखा ताठ. पाटे, बोल्ट, दांडा, सगळं बघितलं होतं. हा बघितला नव्हता. लांब पाईप वाशीमला मिळाला नाही, ओळखीच्या दुकानदाराने उद्या मागवून देतो म्हणून सांगितलं. घोडे काढून गाडी जमिनीवर घेतली आणि किल्ली मी खिशात टाकली.

चहा घेत होतो तेव्हा तिचा फोन वाजला. वस्तीवरची दुसरी बाई. कळा सुरू झाल्या होत्या, सांगितल्या दिवसाच्या आधीच.

ती उठली. "किल्ली द्या."

"नाई."

"बाबा, जमिनीवर तर पाईप ढिला हाये. मी पाह्यलं आता. हळू नेतो."

"नाल्यात एक चाक खड्ड्यात गेलं का पुन्हा तसाच तानन. तुटला तर ब्रेक नाई."

"अन् मी नाई गेली तर?"

ती माझ्यासमोर उभी. फोनवर पलीकडे कुणीतरी बाई मोठ्याने बोलत होती, ते मला ऐकू येत होतं. उस्ताद, त्या क्षणी मला तुमचा भाऊ दिसला नाही. तुम्ही दिसलात. दुकानाच्या दारात उभे, आणि समोर जवळचं माणूस घाईत हात पुढे करून उभं. इतकी वर्षं मी समजत होतो की तुम्ही उंचीला घाबरत होता. तुम्ही त्या संध्याकाळी 'हो' म्हणालात, तेवढ्यालाच घाबरत असाल, असं मला तेव्हा वाटलं. मी किल्ली दिली नाही. तिच्या वस्तीवरच्या ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला, तो शेतात होता, माझं बोलणं पुरं व्हायच्या आत "निघालो" म्हणाला. ट्रॉलीत गाद्या टाका, नाला ओलांडून आणा, दवाखान्याची गाडी पलीकडे उभी करतो, असं सांगून दुसरा फोन दवाखान्यात केला. लेक माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मला आयुष्यात पुन्हा बघायला नको. "तिले काई झालं तं," एवढं म्हणून ती थांबली आणि बाहेर रस्त्यावर जाऊन बसली. मी तिच्या बाजूला जाऊन बसलो नाही. दुकानात उभा राहिलो आणि उगीच पाने पुसत राहिलो.

दिवस मावळायच्या सुमारास फोन आला. ट्रॉलीने हाडं खिळखिळी केली, पण बाई वेळेत पोचली. मुलगी झाली. लेकीने मला ते आत येऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पाईप आला. बसवला, ब्रेकची हवा काढली, चाकं पुन्हा अधांतरी लोंबवून बघितला. ढिला होता. मग पोत्यांत रेती भरून गाडीत टाकली आणि तिच्यासोबत नाल्यावर गेलो. ज्याने काम केलं त्याने पहिल्या चकरेत आत बसायचं, हा तुमचाच कायदा. पलीकडच्या काठावर रस्ता चढत जातो आणि तिथेच वळतो, डाव्या अंगाला उतार. गाडी दगडावर चढली, खालून काही घासलं नाही. मग वळणावर कलली. रेतीची पोती मागे सरकल्याचा आवाज आला. लेकीने घाई केली नाही, गिअर पाडला, स्टिअरिंग धरून ठेवलं. गाडी कलल्या कलल्या वर आली आणि सरळ झाली. "पाह्यलं?" तिने विचारलं. मी म्हणालो, "पाह्यलं. चाक बरोबर टाकलं तू."

आता ती गाडी रोज त्या नाल्यातून जाते. दर महिन्याला मी बोल्ट आवळायला तिला बोलावतो, ती कुरकुरत येते. बाकी गिऱ्हाइकांना मी अजूनही नाहीच म्हणतो. हे तुम्हाला सांगायचं होतं म्हणून लिहायला बसलो. तुम्ही असता तर वाचून काय म्हणाला असता, मला ठरवता येत नाही. मराठी तुम्हाला वाचता येत नव्हतं, मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तुमच्यासमोर ते माझ्याच्याने झालं नसतं. कबरीवर नेऊन ठेवण्याइतका मी भाबडा नाही. कागद इथेच राहील.

एक गोष्ट मात्र लेकीलाही सांगितलेली नाही. त्या वळणावर गाडी कलली तेव्हा मी चाक वगैरे काही बघितलं नाही. मी डोळे मिटून घेतले होते.