दहापैकी शून्य

३ मार्च, सोमवार
बीपी १६०/१००. तेही गोळ्या चालू असताना. डॉक्टरबाईंनी हातात फॉर्म ठेवला. दहा प्रश्न, सगळे लहानपणाचे. म्हटलं, बाई, बीपी आत्ताचं आहे. म्हणाल्या, भरा तरी. एकोणीस वर्षं लिफ्ट तपासतोय, मला फॉर्म भरायला कोण शिकवणार? दोन मिनिटांत दहाही 'नाही'. सवयीने खाली 'दोष आढळला नाही' लिहून सहीसुद्धा ठोकली.

५ मार्च, बुधवार
बाई सही बघून हसल्या नाहीत. म्हणाल्या, लहानपणी घरात सतत धास्ती असली की शरीराला कायम सावध राहायची सवय लागते. पुढे बीपी, हृदयविकार यांची शक्यता वाढते. म्हणजे माझं बीपी बाबांनी वाढवलं? मीठ मी खातो!
तसे बाबा मारायचे. पट्ट्याने. पण उगाच नाही. रोज प्यायचेही, पण ऑफिस कधी बुडवलं नाही. घरात सुरक्षित वाटायचं का? वाटायचं की. ते बाहेर गेले की फारच.

७ मार्च, शुक्रवार
गंमत म्हणून ताईला फोनवर प्रश्न वाचून दाखवले. तिचे आठ 'हो'. घर एक, बाप एक, आणि आठ! म्हटलं, तू पहिल्यापासूनच हळवी. म्हणाली, तू कपाटात लपायचास आणि मी कपाटासमोर उभी राहायचे, म्हणून तुझं शून्य. काहीतरीच. कपाटात जरा शांत वाटायचं, एवढंच. फोन ठेवून दिला.

९ मार्च, रविवार
संकल्प. एकवीस दिवस घरात आवाज चढवायचा नाही. बीपीसाठी; बाकी काही नाही. बायकोला सांगितलं. ती नुसतं 'बरं' म्हणाली. नवरा एवढं मोठं काहीतरी करतोय आणि बरं? त्यावरून थोडा ओरडलो. मोजणी उद्यापासून.

१२ मार्च, बुधवार
दिवस तिसरा. उत्तम चाललंय. सकाळी एकाला झापलं, पण फोनवर. फोनवरचं धरत नाही.

१६ मार्च, रविवार
लेकीने माझ्या तपासणी-रिपोर्टवर पाणी सांडलं. आठ वर्षांची घोडी झाली, अक्कल नको? हात उगारला. मारलं नाही. मुद्दाम लिहून ठेवतो: मारलं नाही. पण ती आधीच दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसली होती. अगदी सराईतासारखी. कुठे शिकली कोण जाणे. शाळेत असेल.

१७ मार्च, सोमवार. सकाळी
बायकोला विचारलं, शाळेत असलं काही शिकवतात का? ती डबा भरायला लागली.

त्याच दिवशी, संध्याकाळी
लेकीला जवळ बसवलं. विचारलं, बाळा, माझी भीती वाटते का? तिने आधी आईकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. मग म्हणाली, नाही बाबा. वर पटकन हसलीसुद्धा.
हे 'नाही' मला चांगलं माहीत आहे. लाज वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायची होती. शेवटी म्हटलं, जा, खेळ जा.
ती जागची हलली नाही. हळूच म्हणाली, बाबा, खरंच जाऊ?