रद्द अर्जावरची सही

१७ जून, मंगळवार

आज खिडकीवर एकशे चाळीस जण! घसा बसला. दिवसभर एकच पाठ – मूळ दाखला, दोन झेरॉक्स, आधार, चार फोटो. एका मुलानं फोटो म्हणून सेल्फीची प्रिंट आणली, मागे म्हैस! त्याला परत पाठवलं आणि मग टेबलाखाली वाकून हसून घेतलं.

हेडक्लार्क आप्पासो सकाळीच सांगून गेले, "मदिहा मॅडम, बी.एस्सी. फर्स्ट इयरचं सगळं तुमच्याकडं. तुकड्या, रोल नंबर, आयकार्ड, हॉस्टेलची यादी." म्हणजे सगळंच! मी म्हटलं, बरं. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर असलेल्या बाईनं आणखी काय म्हणायचं? पण खरं सांगायचं तर मला हे काम आवडतं. कोऱ्या यादीत एकेक नाव चढत जातं. एकशे वीस जागा, संध्याकाळी पाचला भरल्या.

२० जून, शुक्रवार

लाइट गेलेली, प्रिंटर बंद, रांग दारापर्यंत. दुपारी एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, भरघोस मिशा, शर्टाची घडी मोडलेली नाही. पाटणच्या बाजूचे. प्रवेश रद्द करायचा अर्ज पुढं केला – शिवांजली सयाजी नलवडे.

म्हटलं, मुलीला आणा. नियम आहे, विद्यार्थ्यानं स्वतः यायचं.

"आवं मॅडम, पोरगी आजारी हाय. पाटणवरनं तीन गाड्या बदलून आलोय. परत कवा येणार?"

अर्जावर मुलीची सही होती. प्रवेश अर्जावरच्या सहीसारखीच दिसली. मागचे लोक ओरडत होते. मारला शिक्का. मूळ कागद परत दिले. नोंदवहीत लिहिलं – 'वडील समक्ष हजर.' त्यांनी हात जोडले, पण वर पाहिलं नाही.

वाईट वाटलं. मिनिटभर. मग पुढचा.

२१ जून, शनिवार

प्रतीक्षायादीतल्या पहिल्या नावाला फोन केला. समीना. वडील हळदीच्या मार्केटात हमाल. अर्ध्या तासात बापलेक धावत आले, वडिलांचे हात कोपरापर्यंत पिवळे. "मॅडम, पोरीचा नंबर लागला?" – "लागला!" ते तिथंच बाकावर बसले आणि रडायला लागले. समीना लाजून म्हणते, "अब्बा, चला ना."

काही दिवस नोकरी फार चांगली असते.

१ जुलै, मंगळवार



कॉलेजचा पहिला दिवस. भिंतीवर याद्या लावल्या, मुलं आपापले रोल नंबर मोबाईलमध्ये टिपत होती. अकराच्या सुमारास एक मुलगी खिडकीशी आली. पाठीवर सॅक, हातात पत्र्याची पेटी, घामाघूम. "मॅडम, माझं नाव कुठल्याच तुकडीत नाही. हॉस्टेलच्या यादीतही नाही."

नाव काय?

"शिवांजली नलवडे."

मी तिच्याकडं बघतच राहिले. आजारी? ही तर ठणठणीत! म्हटलं, अगं, तुझा प्रवेश रद्द झालाय. दहा दिवस झाले. तुझे वडील येऊन गेले.

ती हसली. खरंच हसली! तिला वाटलं, मी दुसऱ्या कुणाचं तरी बोलतेय.

"मॅडम, माझे वडील नाहीत. सहा वर्षं झाली. सैन्यात होते, रजेवर आले होते तेव्हा गेले."

मी फाईल काढली. अर्ज तिच्यासमोर ठेवला. ती वाचत गेली, एकदा, दोनदा. "ही माझी सही नाही," म्हणाली. मग पालकाच्या सहीवर बोट ठेवलं. "हे काका. मानसिंगकाका."

आणि तिथं स्पष्ट 'मानसिंग' लिहिलेलं होतं! वडिलांचं नाव सयाजी, पालकाची सही मानसिंग. दोन्ही एकाच कागदावर, चार बोटांच्या अंतरावर. मी वाचलंच नव्हतं. मिशा बघितल्या आणि वडील लिहून मोकळी झाले.

ती पेटीवर बसली. रडली नाही. मला ते जास्त लागलं.

१ जुलै, संध्याकाळ

हॉस्टेलमध्ये यादीबाहेरच्या मुलीला घेत नाहीत, म्हणून तिला घरी घेऊन आले. अम्मीनं एकही प्रश्न विचारला नाही. "पोरी, पहिलं हातपाय धू. मग जेव."

जेवताना थोडी बोलली. आई राहीबाई, घरात दोघीच. आई गेले पंधरा दिवस सांगत होती, कॉलेज अजून उघडायचंय, पत्र येईल. काल मैत्रिणीनं ग्रुपवरचा मेसेज दाखवला. सकाळी पहिल्या गाडीला निघाली तर आई उंबऱ्यात नुसती उभी. जा म्हणाली नाही, थांब म्हणाली नाही.

"डबासुद्धा दिला नाही मॅडम. असं कधी झालं नाही."

२ जुलै, बुधवार

अर्जावरच्या नंबरला फोन केला. मला वाटलं, नाकारतील, ओरडतील.

"व्हय. मीच आलो हुतो."

एवढंच! म्हटलं, तुम्ही खोटी सही आणलीत, हा गुन्हा आहे, कळतं का तुम्हाला?

"कळतं. पोरीला घरी लावून द्या मॅडम. लय उपकार हुतील."

मी फोन ठेवून दिला. माणूस इतका निर्ढावलेला असू शकतो? शिवांजली समोर उभी होती, तिनं सगळं ऐकलं. म्हणाली, "बाबा गेल्यावर काकांनीच मला शाळेत सोडलं. सायकलवर, रोज." मग तोंड फिरवलं.

३ जुलै, गुरुवार

आप्पासोंना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"मॅडम, कागद आपल्या बाजूला हाय. मुलीची सही हाय, पालकाची हाय. गप बसा. तुमी लिहून दिलं की पोरीला न बोलावता शिक्का मारला, तर ऑक्टोबरात तुमची ऑर्डर निघंल का?"

निघणार नाही. मला माहीत आहे. त्यांनाही.

जागा तर गेली. समीनाला आयकार्ड मिळालं, कालपासून ती पहिल्या बाकावर बसते. तिला आता काय सांगायचं? शिवांजलीला हे कळलं तेव्हा ती पटकन म्हणाली, "तिची काढू नका हां मॅडम." अठरा वर्षांची पोर! आणि मी चौतीस वर्षांची बाई दिवसभर हिशेब करतेय की खरं लिहावं की नाही.

४ जुलै, शुक्रवार

लिहिलं. दीड पान. 'नियमाप्रमाणे विद्यार्थिनीस समक्ष बोलावले नाही. पालकाची ओळख तपासली नाही. चूक माझी आहे. या विद्यार्थिनीसाठी एक वाढीव जागा मिळावी.'

प्राचार्य मॅडमनी वाचलं, चष्मा काढला. "मदिहा, हे तू स्वतः लिहिलंस? कुणी सांगितलं नसताना?" मग पेन उघडलं. सही केली.

धक्का पुढंच होता. पत्र विद्यापीठात टपालानं गेलं तर महिना जाईल. आप्पासोंनी माझ्या हातातून पाकीट घेतलं, "आणा हिकडं," म्हणाले, आणि स्कूटरवर बसून कोल्हापूरला निघाले! गप बसा म्हणणारे आप्पासो. गुडघे दुखतात म्हणून जे जिना चढत नाहीत!

५ जुलै, शनिवार

काही कळलं नाही. अम्मीनं शिवांजलीला शेवयांची खीर शिकवली.

७ जुलै, सोमवार

मानसिंगराव आले. सांगितलं नव्हतं, बोलावलं नव्हतं. त्याच खिडकीशी, त्याच शर्टात.

शिवांजली व्हरांड्यातच होती. धावत आली. सगळ्यांसमोर ओरडली, "का केलंत? बाबा असते तर हिंमत झाली असती का तुमची?" मुलं थांबून बघायला लागली. ते मान खाली घालून उभे. ती रडत लायब्ररीकडं गेली तेव्हा त्यांनी पिशवीतून तिचे मूळ कागद काढले, प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेले, आणि माझ्यापुढं ठेवले.

"सही माझी न्हाई मॅडम. म्हंजे पालकाची माझी. पोरीची सही वैनीनं केली."

मला कळेना. कुणी?

"तिच्या आयनं. राहीबाईनं."

मी खुर्ची पुढं केली. ते बसले नाहीत. उभ्यानंच सांगितलं. राहीवहिनींच्या पोटात गाठ आहे. डॉक्टरनं सहा महिने सांगितलेत. पोरीचा प्रवेश झाल्या झाल्या वहिनींनी त्यांना बोलावलं, पाया पडल्या. शेवटचे दिवस पोरगी जवळ हवी. पण तिला कळलं तर ती झुरणीला लागेल, म्हणून तिला सांगायचं नाही. तिचं कॉलेज राहिलं असंच तिला वाटू दे.

"वैनी म्हणाल्या, भावजी, तेवढा वाईटपणा तुमी घ्या. घेतला. पोरगी आता माझं तोंड बघणार न्हाई. बघू नये तिनं. पर तुमी तिला सांगू नका, शब्द दिलाय मी."

मी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पाच दिवस मी या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या!

८ जुलै, मंगळवार

सांगितलं तिला.

सकाळपर्यंत ठरत नव्हतं. अम्मीला विचारलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आई तिची आहे. तुझी नाही." एवढ्यावर ठरलं. एकदा मी या मुलीला न विचारता तिच्या आयुष्याचा कागद फिरवला. दुसऱ्यांदा फिरवणार नाही. राहायचं की जायचं, तिचं तिनं ठरवावं.

ऐकताना तिचा चेहरा पांढरा पडत गेला. "गाठ? आईला? पण ती तर शेतात... मी निघाले त्याच्या आदल्या दिवसापर्यंत भांगलण..." मग एकदम – "काकांना मी काय काय बोलले!"

मानसिंगराव जवळच कुपवाडला एका नातेवाइकाकडं उतरले होते. फोन केल्यावर स्टँडवर आले. दोघं गाडीची वाट बघत उभे होते, मधे हातभर अंतर ठेवून. गाडी लागली तेव्हा तिनं त्यांची पिशवी आपल्या हातात घेतली. त्यांनी मिशा पुसल्यासारखं केलं.

पेटी आमच्याकडंच आहे.

९ जुलै, बुधवार

वाढीव जागा मंजूर! आप्पासोंनी पत्र माझ्या टेबलावर आपटलं. "घ्या." पण खाली बारीक अक्षरात – विद्यार्थिनीनं ११ जुलैला संध्याकाळी पाचच्या आत समक्ष येऊन सही करायची. नाहीतर जागा रद्द.

या वेळी समक्ष म्हणजे समक्ष. तीन वेळा वाचलं.

तिला फोन लावला. "मॅडम, आईला घेऊन उद्या मिरजेला येतेय. मोठ्या दवाखान्यात दाखवणार. आई नको नको म्हणतेय, हट्टच धरलाय तिनं. काका आणि मी उचलून आणणार आहोत." जागेचं सांगितलं. "जागेचं नंतर बघू मॅडम. आई आधी."

बरोबर आहे.

१० जुलै, गुरुवार

मिरजेहून मेसेज – 'सोनोग्राफी झाली. उद्या मोठी तपासणी. आई बोलत नाही कुणाशी.' बस. प्राचार्य मॅडमना मुदत वाढवता येईल का विचारलं. नाही येणार.

उद्या पाच वाजता ही जागा जाईल, आणि मला शिवांजलीचा राग येणार नाही.

११ जुलै, शुक्रवार

चार वाजून दहा मिनिटं. ऑफिसातच लिहितेय.

आत्ता शिवांजलीचा फोन आला. सगळे रिपोर्ट आले. काही नाही! गाठ नाही, काहीच नाही. कधी नव्हतीच. डॉक्टरनी विचारलं, सहा महिने सांगितले कुणी? राहीबाई भिंतीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू गेल्यावर त्या घरात मी कुणासंगं बोलायचं गं?"

मानसिंगराव दवाखान्याच्या जिन्यातच खाली बसले म्हणे.

मी विचारलं, आई कुठाय?

"शेजारी आहे. रडतेय. हात धरलाय मी तिचा." मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. "आम्ही रिक्षात आहोत मॅडम, मिरजेहून सरळ कॉलेजकडंच येतोय. खिडकी बंद करू नका."