डब्बाही आपलाच

चंद्रपूर, ४ ऑगस्ट १९८८

ती. प्रेमिलाबाई,
सप्रेम जयभीम, वि. वि.

आपल्या भागात ज्या राइस मिलमध्ये कॉम्प्युटर आहे, तिथं धानाचा हिशेब आमच्याच कंपनीच्या प्रोग्रामवर चालतो, हे तू जाणतेस. आता आमचे मालक गुणवंतराव म्हणतात, प्रोग्रामचा आत्मा आपला आणि मशीनचं शरीर नागपूरवाल्यांचं, हे किती दिवस? कॉम्प्युटरही आपणच बनवायचा. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. ते काम माझ्याकडेच आलं. पहिली मशीन तुझ्या मिलमध्ये बसवायची आहे. तू तिथली हिशेबनीस. मिलचे मालक शेठ बापूजी तुझा शब्द मोडत नाहीत.

भाऊजींना जयभीम. लोभ आहेच, या कामापुरता थोडा जास्त असू दे.
तुझा भाऊ, मनसाराम

सिंदेवाही, १२ ऑगस्ट

चि. मनसारामास आशीर्वाद.

पत्र तुझ्या भाऊजीले वाचून दाखवलं. ते म्हणाले, बँडवाल्याले वाजवता येते म्हणून त्यानं पितळ ओताले बसावं काय? मी हसली, पण तुझी काळजी वाटून राह्यली. तुले घरचा फ्यूज बांधता येत नाई.

नागपूरवाले मशीन विकताना तुमचाच प्रोग्राम घ्या म्हणतात, ते काऊन? तुम्ही त्यांच्या धंद्यात नाई म्हणून. उद्या तुम्हीच मशीन विकाले लागले, तर ते तुमचं नाव कायले घेतीन? हे गुणवंतरावाले कोणी विचारलं का नाई?

बापूजीले मी गळ घातली. ते हो म्हणाले. आता माझी इज्जत तुझ्या डब्ब्यात आहे. जेवत जा.
तुझी बाई

सिंदेवाही, १० डिसेंबर

चि. मनसारामास आशीर्वाद.

तुझी मशीन आली, नारळ फुटला, गुणवंतरावाचं भाषण झालं. मंग हंगाम लागला. कोंड्याची धूळ आत गेली, पंखा अडकला, पडदा काळा. फाटकाबाहेर धानाच्या बैलबंड्यांची रांग, लोक उपाशी बसून. मी हातानं हिशेब केला. बापूजी स्वतः काट्यापाशी उभे राहून मले वजनं सांगत होते, तेच मले लागलं.

मंग नागपूरवाला आला. मशीनसंगं स्वतःचा प्रोग्राम फुकट. प्रोग्राम भिकार आहे, पण चालू आहे. आमच्या मिलनं घेतला, मूल गावच्या मिलनंही घेतला. तुमचं नाव आता कोणी काढत नाई. तू मात्र घरी ये, रागावली नाई मी.
तुझी बाई

चंद्रपूर, २२ डिसेंबर

ती. बाई,
सप्रेम जयभीम.

काल पुन्हा मीटिंग झाली. गुणवंतराव म्हणाले की दोष मशीनचा नव्हे, विजेचा. म्हणून आता जनरेटरही आपणच बनवायचा. या वेळी मी उभा राहिलो आणि तुझं नाव सांगून तुझा प्रश्न विचारला, की आपणच मशीन विकायला लागलो तर नागपूरवाले आपलं नाव कशाला घेतील? त्यांनी उलट विचारलं, कंपनीत कामाला तू आहेस की तुझी बहीण? मी म्हटलं, आजपासून दोघंही नाही.

नागपूरवाल्यांना धान सुकताना-भरडताना होणारी तूट-घट समजणारा माणूस हवाच होता. त्यांचा प्रोग्राम मी नीट करणार आहे. आधी तुझ्या मिलमध्ये येईन आणि बापूजींची माफी मागेन.

निघताना गुणवंतरावांनी थांबवलं. वाटलं, चूक कळली असावी. त्यांनी विचारलं, जनरेटरला नाव काय द्यावं? मी म्हटलं, तुमचंच द्या. ते खूश झाले.

माया असू दे.
मनसाराम